दुसऱ्याचा आवाज

उमाकांत म्हेत्रेच्या शर्टाची गुंडी लाल झाली, तेव्हा तो यंत्रमागाखाली उताणा पडून एका हट्टी बोल्टाशी झटत होता. त्याला स्वतःला काही दिसलं नाही. शेजारच्या मागावरच्या कामगाराने ते पाहिलं, धावत येऊन त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि गुंडीकडे बोट दाखवलं. उमाकांतने मान वाकवून बघितलं. "आयला," एवढंच तो म्हणाला. मग पुन्हा मागाखाली शिरून त्याने आधी तो बोल्ट सोडवला.

असा माणूस आजारी असेल यावर आमचा कोणाचाच विश्वास बसेना. पण गुंडीवर विश्वास ठेवा, असं अख्ख्या इचलकरंजीला घसा फोडून सांगणारा तोच होता. त्यामुळे त्याची चांगलीच पंचाईत झाली.

या गुंडीचं नाव कानोसा. हृदयाचा पंप मंदावला की शरीरात पाणी साठतं. पाय सुजणं, दम लागणं या फार पुढच्या गोष्टी. त्याच्या कितीतरी आधी फुप्फुसांच्या तळाशी आणि स्वरयंत्राच्या पातळ पडद्यांवर किंचित ओल धरते. आवाज जरासा जड होतो, वाक्य संपायच्या आत श्वास कणभर आधी संपतो. हा फरक शेजारी झोपणाऱ्या बायकोलाही कळत नाही. कानोशाला कळतो. तो दिवसभराचं बोलणं ऐकतो, त्यातून थोडे आकडे काढतो आणि शब्द जागच्या जागी पुसून टाकतो. आकडे बिघडायला लागले की गुंडी लाल होते.

सरकारने या गुंडीभोवती एक कायदा बांधला होता. प्रत्येकाला कानोसा फुकट, आणि गुंडी लाल झाली तर पुढचे सगळे उपचारही फुकट. आजार कोवळा असतानाच गाठायचा, म्हणजे माणूसही वाचतो आणि खर्चही, असा त्यातला विचार. त्यासाठीचा पैसा उद्योगांवरच्या अधिभारातून यायचा. आमच्या गावात उद्योग म्हणजे यंत्रमाग. योजना घ्यायची की नाही, हे ज्या त्या शहराने मतदान करून ठरवायचं होतं, आणि आमचा कौल येत्या रविवारी होता.

झालं, गावाचे दोन तुकडे पडले. योजना म्हणजे उपचारांची हमी, म्हणून तिच्या बाजूचे ते हमीवाले. विरोधातले ते खातेवाले, कारण त्यांचं म्हणणं असं की अधिभार नको, प्रत्येकाच्या नावावर आरोग्याचं खातं काढा, त्यात सरकारने भर घालावी आणि ज्याने त्याने आपला डॉक्टर निवडावा. आधीच मंदीने निम्मे माग थंड पडलेत. त्यांच्यावर आणखी बोजा टाकला तर कामगाराची छाती तपासून होईल, पण त्याला काम कोण देणार? आणि सरकारचा कान आमच्या छातीवर कशाला? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं. दोन्ही बाजूंना ते एकमेकांच्या बोलण्यात तेवढं दिसत नव्हतं. हमीवाले कौलाआधीच नमुना म्हणून वाटलेला कानोसा शर्टाच्या दुसऱ्या गुंडीच्या जागी मिरवत फिरायचे, तर खातेवाले ती गुंडीच मुद्दाम तोडून. लग्नाच्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं, हेसुद्धा गुंडी बघून ठरू लागलं. शहाणीसुरती माणसं अशी वागताना बघून हसावं की रडावं कळत नसे.

उमाकांत हमीवाल्यांचा गावातला सगळ्यात मोठा गळा. त्याच्या धाकट्या भावाच्या छातीत पाणी झालंय हे कळलं तेव्हा उपचाराची वेळ निघून गेली होती. त्याला अग्नी देऊन आल्यापासून उमाकांतला दुसरा विषय नव्हता. आणि खातेवाल्यांचा सगळ्यात मोठा गळा होता सुकुमार मगदूम. गंमत अशी की दोघे एकाच शेडचे भागीदार होते. सुकुमार सूत आणि व्यापारी सांभाळायचा, उमाकांत माग. शाळेपासूनची दोस्ती. रोज सकाळी पाळी बदलताना शेडमध्ये चहा यायचा आणि दोघांचं भांडण जुंपायचं. मागांच्या खडखडाटात बोलायची आमच्याकडे एक रीत आहे. समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायचा, त्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि ओरडायचं. अधिभार, खातं, मंदी, मरण, सगळं ते दोघे असे गळ्यात गळे घालून ओरडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे!

*

दवाखान्यात डॉक्टर रेवती आवटींनी उमाकांतच्या सगळ्या तपासण्या केल्या. त्या वयाने तरुण होत्या आणि बोलायला मोकळ्या.

"काका, तुमचं हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरं चालतंय."

"मग ही लाल कशानं झाली? खोटं बोलती व्हय?"

डॉक्टरांनी कानोशाचे आकडे पडद्यावर काढले. घरातले आकडे चांगले होते. संध्याकाळच्या प्रचारफेरीतले चांगले होते. बिघडलेले आकडे सगळेच्या सगळे सकाळचे होते.

"सकाळी तुम्ही काय करता?"

"काय करणार? शेडात चहा पितो. सुक्याबरोबर भांडतो."

बोलता बोलता उमाकांतचा हात गुंडीवर गेला. डॉक्टरांनीही तिकडेच पाहिलं.

कानोसा पुण्यातल्या एका कंपनीने बनवला होता. माणसाच्या आवाजाची ओळख साठवून ठेवायची नाही, ही अट विरोधकांनी भांडून कायद्यात घालून घेतली होती, आणि ती रास्तच होती. मग गुंडीच्या मालकाचा, म्हणजे ती लावणाऱ्याचा, आवाज कुठला हे यंत्राने ओळखायचं कसं? कंपनीने सोपी वाट काढली. जवळून आणि मोठा येईल तो आवाज मालकाचा, लांबून येईल तो परका. शांत खोल्यांत, हातभर अंतर राखून बोलणाऱ्या माणसांवर चाचण्या झाल्या आणि त्या उत्तम झाल्या. खांद्यावर हात टाकून कानात ओरडणारं गाव त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"हे आकडे ज्यांचे आहेत, त्यांना आजच्या आज इथं आणा," डॉक्टर म्हणाल्या. "आठवडाभरातच फार घसरलेत."

"किती दिवस हायेत?"

"ते कोणी सांगू शकत नाही, काका. त्यांनी वाट बघू नये एवढं सांगते."

बाहेर येऊन उमाकांत पायरीवर बसला.  सुक्याच्या जिवाची भीती तर होतीच, पण तिच्या मागोमाग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली आणि तिची त्याला लाज वाटली. कानोसा फक्त मालकाचाच आवाज ऐकतो, दुसऱ्या कोणाचा नाही, असं पत्रक हमीवाल्यांनी घरोघरी वाटलं होतं. त्यावर उमाकांतची सही होती. सुकुमारला खरं सांगायचं, तर सरकारच्या कानाच्या ज्या मुद्द्यावर सगळा कौल अडला होता तोच त्याच्या हातात द्यायचा.

तो आधी उरुणकर वकिलांकडे गेला. ते हमीवाल्यांचे पुढारी. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीतून उठून दार लावलं.

"सुकुमाररावांना बरं नाही हे ऐकून मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं असावं. "पण रविवारपर्यंत थांबा. या शहरात तुमच्या भावासारखी किती माणसं असतील, उमाकांतराव? योजना पडली तर त्यांना कोण सांगणार आहे?"

"आणि तवर सुक्या गेला तर?"

"तुम्ही त्यांना दवाखान्यात न्या की. कारण सांगू नका, एवढंच."

सल्ला वाईट नव्हता. उमाकांतने तो मनापासून अमलात आणून पाहिला. संध्याकाळी सुकुमारच्या घरी जाऊन तो त्याच्या बायकोशी, त्रिशलावहिनींशी, इकडचं तिकडचं बोलला आणि मध्येच म्हणाला, "वहिनी, याला एकदा दाखवून आणूया की. वय झालं आता आमचं."

"मी कधीची म्हणतेय," त्रिशलावहिनी म्हणाल्या. "हल्ली एका उशीवर झोप येत नाही, दोन लागतात. जिना चढला की मधेच उभं राहायचं. विचारलं तर म्हणतात, पायरी मोजतोय."

सुकुमार झोपाळ्यावर बसला होता. तो हसला. "कौल होईस्तवर दवाखान्याची पायरी चढणार न्हाई. तुझी माणसं दुसऱ्या दिवशी बोंब मारत फिरतील की बघा, खातेवाल्यांचा म्होरक्याच सरकारी दवाखान्यात!"

"खासगीत चल. सांगलीला चल."

"उम्या, तुला आजच माझी एवढी काळजी कशी काय लागली?"

उमाकांतला थापा मारता येत नाहीत. कान लाल होतात त्याचे. तो उठला, सुकुमारला हाताला धरून मागच्या सुताच्या खोलीत घेऊन गेला आणि सगळं सांगून टाकलं. गुंडी, सकाळचे आकडे, डॉक्टर, सगळं.

सुकुमारने त्याचा हात झटकला.

"उरुणकरनं शिकवलं व्हय हे?"

"त्यांनी गप्प बस म्हणून सांगितलंय."

"शुक्रवारी चौकात समोरासमोर सभा हाय. मी घरात बसलो की तुमचं रान मोकळं. मला भीती घालून झोपवायला निघालास!"

"सुक्या, तुझी शपथ..."

"माझी कशाला, स्वतःची घे. आणि हे खरं असंल तर आणखी वाईट हाय, कळतंय का तुला? मला न विचारता माझ्या छातीत डोकावलंस तू." त्याला धाप लागली होती. "खरं हाय ना? मग शुक्रवारी चौकात सांग. सगळ्यांच्या समोर सांग, की यंत्र दुसऱ्याचं ऐकतंय. सांगशील?"

उमाकांतच्या डोळ्यांसमोर भावाचा चेहरा आला. 

"बघ," सुकुमार म्हणाला. "खोटं हाय म्हणून गप्प बसलास."

तीस-चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एका कायद्यापायी माणसाला मित्राचं साधं बोलणंही डाव वाटू लागतं. उमाकांत घरी गेला, पण जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमार शेडात आलाच नाही. उमाकांत चहाचे दोन ग्लास समोर घेऊन उभा राहिला. सुकुमार खात्रीने मरणार असता तर प्रश्न सोपा होता, आणि खात्रीने वाचणार असता तरीही. हे मधलं काहीतरी होतं. एका बाजूला नाव माहीत असलेला एक माणूस, दुसऱ्या बाजूला नावं माहीत नसलेली शेकडो. तो कामगारांच्या तोंडांकडे बघत फिरला. यांच्यातल्या कोणाचा आवाज जड झाला असेल, हे त्याला कळत नव्हतं. चहा गार झाला.

*

शुक्रवारी संध्याकाळी चौक गच्च भरला. एका बाजूला गुंडीवाले, एका बाजूला बिनगुंडीचे. मधून पोलिसांनी दोरी बांधली होती. व्यासपीठ मात्र एकच. पहिलं भाषण उमाकांतचं होतं.

तो माईकसमोर उभा राहिला आणि नेहमीसारखी हाळी न देता हळू आवाजात बोलू लागला.

"माझ्या सहीचं पत्रक तुमच्या घरी आलं असंल. त्यात लिहिलंय, कानोसा फक्त मालकाचा आवाज ऐकतो. ते खरं न्हाई."

उरुणकर वकील खुर्चीतून अर्धे उठले.

"या गुंडीनं दुसऱ्याचा आवाज ऐकला. त्यानं गुंडी लावलेली न्हाई, ऐकायची परवानगी दिलेली न्हाई. मागावर आपण जसं बोलतो तसं आम्ही बोलत होतो, म्हणून ऐकला. त्याचं हृदय थकलंय. तो ऐकंना झालाय, त्याला वाटतंय मी डाव टाकलाय." उमाकांतचा आवाज फाटला. "मी कशाला डाव टाकू? मी हारलो बघा इथं उभा राहून. आता तरी खरं मान की, मर्दा!"

बिनगुंडीच्या बाजूला असा जल्लोष उठला की कबुतरं उडाली. शिट्ट्या, टाळ्या, घोषणा. गुंडीच्या बाजूने शिव्या. कोणीतरी ओरडलं, "विकला गेला!" उमाकांत तसाच उभा होता आणि फक्त सुकुमारकडे बघत होता.

सुकुमारच्या लोकांनी त्याला पुढे ढकललं. हातात माईक दिला. आता हा काय तोफ डागतो म्हणून सगळे कान टवकारून बसले. एवढा तयार मुद्दा जन्मात कधी त्याच्या हाती आला नसेल. सुकुमारने माईक खाली केला. उमाकांतच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्याकडे बघून काहीतरी बोलला. ऐकू काहीच आलं नाही. पण खडखडाटात आयुष्य काढलेलं गाव आहे आमचं, ओठ वाचायला आम्हाला शिकवावं लागत नाही. सगळ्या चौकाने वाचलं: "खरंच हाय व्हय रे?"

उमाकांतने मान डोलावली.

"गाडी आणलीयस?" सुकुमारने विचारलं.

दोघे व्यासपीठावरून उतरले. पोलिसांनी बांधलेली दोरी मध्येच आली, तेव्हा ती दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून वर धरली. घोषणा थांबल्या होत्या. त्रिशलावहिनी गर्दीतून वाट काढत धावत आल्या आणि गाडीत बसता बसता उमाकांतच्या पाठीत त्यांनी एक धपाटा घातला. का घातला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

सांगलीच्या डॉक्टरांनी सुकुमारला घरी सोडलंच नाही. हृदयाची एक झडप पार निकामी होत आली होती. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून नवी बसवली. रविवारचा दिवस त्याने बेशुद्धीत आणि उमाकांतने बाहेरच्या बाकावर काढला. मत दोघांचंही राहिलं.

योजना पडली. फार थोड्या मतांनी पडली, म्हणजे उमाकांतच्या भाषणाने पडली असंच सगळ्यांनी धरलं. तसं नव्हतं हे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, मीही नाही. उरुणकर वकिलांनी त्याचा फोन उचलणं बंद केलं. ज्या कामगारांसाठी तो वर्षभर ओरडला, त्यांच्यातले काही जण त्याला बघून रस्ता ओलांडू लागले. मित्र वाचला याचा आनंद होता, आणि तो खरा होता. पण बाकावर एकटा बसला की त्याला भाऊ आठवायचा, आणि आपण त्याला दुसऱ्यांदा मरू दिलं असं वाटायचं.

सुकुमार शुद्धीवर आला. घशातून नळी घातली होती, त्यामुळे काही दिवस बोलायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. सुकुमारला बोलू न देणं ही मोठीच शिक्षा. तो नुसता डोळे वटारून पडायचा. मग उमाकांतने एक तोड काढली. रोज दुपारी तो खाटेजवळ स्टूल ओढून बसे, पेपर वाचून दाखवी आणि भांडण एकटाच करी. आधी आपल्या बाजूने बोले. मग म्हणे, "आता तू म्हणणार..." आणि सुकुमारच्या बाजूने बोलू लागे. चुकलं की सुकुमार बोट हलवी. बरोबर आलं की डोळे मिटून समाधानाने पडे. त्रिशलावहिनी मोसंबी सोलता सोलता दोघांकडे बघत राहायच्या.

एके दिवशी पेपरात बातमी होती. सरकार योजना दुरुस्त करून पुन्हा आणणार होतं. उमाकांत रंगात आला. अधिभारावर झालं, खात्यावर झालं. मग तो म्हणाला, "आता तू म्हणणार, उम्या, यंत्र दुरुस्त होईल, पण ते चालवणाऱ्याचं मन कुठं दुरुस्त होतंय? माझा जीव वाचला म्हणून चोरीचं दान होत न्हाई. मला विचारलंच न्हाई कुणी. आज हृदय ऐकलं, उद्या दारूचा वास घेतील, परवा कोण कोणाविरुद्ध बोलतंय ते ऐकतील. चांगल्या कामासाठी एकदा दार उघडं ठेवलं, तर वाईट कामाला ते बंद कोण करणार?"

बोलून तो थांबला. स्वतःच्या बाजूने उत्तर द्यायची पाळी होती.  त्याने पेपरची घडी घातली, परत उलगडली.

"याला माझ्याकडं उत्तर न्हाई, मर्दा," तो म्हणाला. "खरंच न्हाई. वर्षभर तू हेच ओरडत होतास आणि मी नुसता आवाज चढवत होतो."

खाटेवरून घोगरा, कुजबुजल्यासारखा आवाज आला. "मला तू होतास."

"बोलू नका म्हटलंय ना!" त्रिशलावहिनी ओरडल्या.

सुकुमारने हाताने त्यांना थांबवलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "रोज कानाशी येऊन भांडणारा एक माणूस मला होता, म्हणून वाचलो. आपल्या शेडात बिहारहून आलेली पोरं हायेत. खोलीवर जातात, झोपतात, उठून येतात. दिवसभरात कोण बोलतंय त्यांच्याशी?" तो दम घ्यायला थांबला. "ज्याच्याशी भांडायला सुद्धा कुणी न्हाई, त्याचा आवाज कोण ऐकणार, उम्या? हे उत्तर दे की मला."

उमाकांतने पेपर तोंडासमोर धरला. त्याच्या मागे तो हमसून हमसून रडला, अगदी लहान मुलासारखा, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्रिशलावहिनींनी मोसंबी खाली ठेवली. त्याही रडू लागल्या.

सुकुमारने थोडा वेळ त्याला रडू दिलं. मग पेपर बोटाने खाली ओढला.

"अधिभाराला मात्र माझा विरोध हाय," तो म्हणाला.

उमाकांतने बाहीने डोळे पुसले, स्टूल खाटेला भिडवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तावातावाने उत्तर द्यायला सुरुवात केली.